शिबोळेत

मांडवीत, मशिदीमागच्या खोलीत
(आमची मशीद; जिच्यावरून स्टेशनाला नाव पडलं
असं वडील सांगायचे)
दर रविवारी चार वाजता तो यायचा,
अव्नेर. मांडीवर अकॉर्डियन,
उन्हाने सोललेली मान.
मराठी शब्द त्याला दोनच येत: 'बसा' आणि 'पुन्हा'.

आम्ही एकवीस जण. खाली मिरचीचं गोदाम.
खाट जिन्याने वर यायची
आणि कडव्याच्या मध्यावर
सगळा नवा देश शिंकायचा.

गाण्यात एक विहीर होती, एक मेंढपाळीण,
वाऱ्यावर डुलणारं जवाचं कणीस.
कणसाला तो म्हणायचा शिबोलेत.
आम्ही म्हणायचो शिबोळेत.
'पुन्हा.'
शिबोळेत.
'पुन्हा.'
आमच्या जिभा नवगाव-रेवदंड्याच्या,
पिढ्यान् पिढ्या घाण्याभोवती वळलेल्या.
टाळूला लागल्या की सुटायच्या नाहीत.

वडील दारात उभे राहून ऐकत.
ते कीर्तनकार. योसेफाला भावांनी विकलं
ते साकीत, दिंडीत, झांजांवर सांगत,
आणि बायका पदर डोळ्यांना लावत.
म्हणाले, 'चाल गोड आहे.
पण गाणं म्हातारं असल्याचं सोंग घेतंय.'
अव्नेर हसला, इंग्रजीत कबूल झाला:
रशियातून आलेल्या एका बाईने बांधलंय,
वीस वर्षंही झाली नाहीत.
'मग लोकगीत कसं?'
त्याचं उत्तर हसकेलने वहीत मराठीत उतरवलं,
रॉकेलच्या हिशेबाखाली:
आधी गाणं. लोक मागून होतात.

त्रेपन्न साली हसकेल गेला.
ट्रंकेत वही, सुके बोंबील, एक स्वेटर.
तीन महिन्यांनी वाळवंटातून पत्र:
'आक्का, तंबूंच्या रांगेत
येमेनची म्हातारी तेच गाणं तेलाच्या डब्यावर वाजवते.
रुमानियाचा न्हावी त्याची शीळ घालतो.
सगळ्यांच्या गावी कुणी ना कुणी अव्नेर जाऊन आलेला.
प्रत्येकाची चूक निराळी.
रात्री चाळीस चुका एका चालीत चालू लागतात,
तेव्हा वाटतं, पोचलो.'

वडिलांनी ते पत्र कीर्तनात वाचून दाखवलं.

बासष्टचं पत्र त्यांनी वाचलं नाही.
लग्नाच्या नोंदीला गेला तर विचारलं,
तुझी आजी कोण, तिची आई कोण, तिची?
खात्री काय तुम्ही आमच्यातलेच?
'पुन्हा सांग,' म्हणाले.
हसकेलने लिहिलं होतं:
'शास्त्रात यार्देनेचा उतार आहे, आठवतो?
पहारेकरी नदी ओलांडणाऱ्याला अडवत,
म्हणत, शिबोलेत म्हण.
ज्याची जीभ अडखळली
तो पलीकडे गेला नाही.
आक्का, कणीस कणीस म्हणून
आपण तोच शब्द घोकत होतो गं.'
खाली सही नव्हती. बोंबील पाठव, एवढंच.

लग्न झालं पुढे. भांडून झालं.

परवा त्याची नात आली, तामार.
गळ्यात रेकॉर्डर, पायात जाडे बूट.
वाटलं, ते गाणं मागेल.
ते तिला बालवाडीपासून येतं, सगळ्यांनाच येतं,
सुट्टीची घंटा येते तसं.
तिला हवं होतं दुसरंच:
आजोबा भांडी घासताना गुणगुणायचे, घरात कुणाला न कळणारं.
तिने दोन ओळींएवढी चाल हुंकारून दाखवली.
मी भिंतीला धरून बसले.
साकी. वडिलांची.

तिला त्याच खोलीत नेलं.
बाकं गेलीत, खिडकी तीच.
म्हटलं, म्हण माझ्यामागून:
कोरड्या विहिरीत रडे याकोबाचा बाळ.
ती म्हणाली, बाल.
बाळ.
बाल.
तिच्या देशाला ळ नाही.

'पुन्हा' माझ्या ओठांवर आलं होतं.
ते गिळलं. म्हटलं, चल पुढे,
आहे तसंच ने.

तिने श्वास भरला, तोंड उघडलं,
आणि खालून खाट आली.